चार बोटं उतरवलेलं छत

आमच्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा समुद्रापलीकडे इराणच्या किनाऱ्यावर कोंबडे अवेळी आरवले, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण इतकी वर्षं म्हणतोय आणि अजून इराणहून कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही, तेव्हा ते खरं धरायला हरकत नसावी. निदान आमच्या घरमालकांनी एवढं तर स्वतः कबूल केलं होतं, की त्यांच्या बैठकीतलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ त्या दणक्याने चालू झालं आणि पुढे महिनाभर बिनचूक वेळ दाखवत राहिलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बहारीनमध्ये आता ज्याला अमवाज आयलंड्स म्हणतात आणि जिथे लोक बाल्कनीत बसून समुद्र बघतात, तिथे तेव्हा नुसता समुद्रच होता, आणि आम्ही त्यात गळ टाकून बसायचो. मी गोदीत वेल्डर होतो. जहाजाच्या पोटाला भोक पडलं की ते बुजवायचं, हे माझं काम. मी बुजवलेलं भोक पुन्हा कधी उघडलं नाही. त्याच्या शेजारी नवीन पडलं असेल, त्याची जबाबदारी माझी नाही. राहायला मआमीर गावात होतो, सित्राच्या कारखान्यांना खेटून. वारा फिरला की आमच्या आमटीला कारखान्याची फोडणी आपोआप बसायची. घर हाजींचं. हाजी म्हणजे आमचे बहारीनी घरमालक, गावातले जुने गृहस्थ. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याच्या: एकीत मी, दुसरीत एक मालवणी, जो एका हॉटेलची व्हॅन चालवायचा. आणि दर शुक्रवारी राजधानीतून, मनामाहून, एक पुणेकर इंजिनीअर यायचा. तो आमच्याशी गप्पा मारायला येतो असं तो म्हणायचा, पण गप्पा नेमक्या मालवण्याचं माशाचं कालवण चुलीवरून उतरलं की सुरू व्हायच्या.

खोल्यांसमोर मोठं अंगण होतं. अंगणाच्या कोपऱ्यात खजुराच्या झाडाखाली कोंबड्यांचं खुराडं होतं. आणि ते खुराडं म्हणजेच आमची गाडी.

कुणा गोऱ्या साहेबाने तेल निघालं त्या सुरुवातीच्या काळात ती अमेरिकन मोटार इथे आणली होती. दोन दारं, पुढे दोन माणसं बसतील एवढीच जागा, मागे उतरती पाठ. कूपे म्हणतात तिला. साहेब परत जाताना ती हाजींना देऊन गेला. हाजींनी ती वाळूत, खडकात, एकदा ओहोटीला समुद्रातही चालवली. इंजिनाने जीव सोडला तेव्हा त्यांनी ती कोपऱ्यात उभी केली आणि कोंबड्यांच्या स्वाधीन केली. काचा फुटलेल्या, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, पण पत्रा असा की आजच्या चार गाड्या वितळवल्या तरी तेवढं लोखंड निघणार नाही.

मी हाजींना विचारलं, "हाजी, ये गाड़ी मेरे को देगा?"

हाजींनी दाढी कुरवाळली. "गाड़ी तुम्हारा. अंडा मेरा. खलास."

करार इतकाच. कोंबड्यांना मात्र तो कुणी कळवला नाही. मी त्यांच्यासाठी नवीन लाकडी खुराडं बांधून दिलं, त्यांनी ते एकदा आत जाऊन पाहिलं आणि परत गाडीत येऊन बसल्या. पुढचं सगळं काम मी कोंबड्यांच्या देखरेखीखाली केलं. एक तांबडी कोंबडी तर अशी होती की मी टाका चुकीचा मारला की ती मान वळवायची.

आता मला गाडी कशाला हवी होती ते सांगतो.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. सुट्टीवर गेलो, मुलगी बघितली, लग्न लागलं, आणि सुट्टी संपली. बायको आमच्या चिपळूणकडच्याच एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका. निघताना एसटी स्टँडवर ती मला सोडायला आली होती. आजूबाजूला दोन्हीकडची वडीलधारी माणसं, त्यामुळे मान खाली घालून, पण आवाज अगदी वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे येईन," ती म्हणाली. "बघायला."

"बघायला म्हणजे?"

"माझ्यासाठी जागा केलेली दिसली तर राहीन, नोकरी सोडेन. नाही दिसली तर शाळा उघडायच्या आत परत. तुमच्या संसारात पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसायला मी येणार नाही."

दुसरा कुणी शहाणा माणूस असता तर त्याने कपाट घेतलं असतं, स्टोव्ह घेतला असता, खिडकीला पडदे लावले असते. ते सगळं मीही केलं, पण त्यात काय विशेष? खोली कुणीही देतो. मला तिला विमानतळावरून स्वतःच्या गाडीतून घरी आणायचं होतं, आणि तीही अशा गाडीतून, जिच्यात जागा मुळी दोनच: एक माझी, एक तिची. तिसऱ्याला बसायचं म्हटलं तरी टेकायला जागा नाही. माझ्यासाठी जागा आहे का, या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला तरी सुचलं नाही.

पुणेकराने ऐकलं आणि पुढच्या शुक्रवारी एक मासिक घेऊन आला. त्याच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाने टाकून दिलेलं. त्यात अशाच जुन्या कूपे गाड्यांचे फोटो. अमेरिकेतली पोरं म्हणे घरच्या घरी, परसात, भंगारातून त्या गाड्या नव्याने बांधतात, पुढची मडगार्डं काढून टाकतात, मोठं इंजिन बसवतात आणि हॉट रॉड म्हणून मिरवतात.

"पण खरी खूण ही नव्हे," पुणेकर चष्मा वर करत म्हणाला. "अहो, छत बघा. खांब कापून छत खाली उतरवलंय. चार बोटं. ते केलं नाही तर ती नुसती जुनी गाडी. ते केलं तर हॉट रॉड."

मालवण्याने मासिक आडवं धरून पाहिलं, मग उभं धरून. "मेल्या, ह्येंच्याकडे माणसां बसतत की पापड?"

पण मला ते पटलं होतं. उतरवलेल्या छताची ती गाडी उभी असतानाही धावत असल्यासारखी दिसायची. प्रश्न एकच होता: चार बोटं छत उतरवलं तर आत माझं डोकं मावेल का, आणि मुख्य म्हणजे तिचं?

माझं सोपं होतं. मी सीटवर बसलो, पुणेकराने खांबावर खडूने खूण केली. चार बोटं उतरवली तर माझे केस आणि छत यांच्यामध्ये एक पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहत होती. पोस्टकार्ड आम्ही सरकवून पाहिलं. पण तिची उंची?

तुम्ही म्हणाल, नवरा ना तुम्ही, बायकोची उंची माहीत नाही? मला सांगा, कशी माहीत असणार? आमच्याकडच्या घरांची दारं इतकी ठेंगणी की घरात सगळेच वाकून वावरतात. जेवायला बसायचं तर पाटावर, पूजेला बसायचं तर पाटावर. घराबाहेर पडलं तर ती चार पावलं मागे, मान खाली. सबंध सुट्टीत आम्ही दोघं शेजारी-शेजारी, ताठ, उभे असे एकदाच होतो, ते लग्नाच्या फोटोत.

"मग फोटो आणा की," पुणेकर म्हणाला. "साधं त्रैराशिक आहे."

फोटो आणला. तिच्या माहेरच्या अंगणात काढलेला. मी कोट घालून, ती शालूत, शालूचा घोळ असा पसरलेला की दोघांचेही पाय त्याच्यामागे गडप. पुणेकराने पट्टी लावली. मी तिच्यापेक्षा बरोबर चार बोटं उंच.

"बघा," पुणेकर म्हणाला. "तुम्ही मावलात तर त्या मावल्याच. वर अंबाड्यालासुद्धा जागा राहते."

मालवण्यालाही उमाळा आला. तोही आपल्या खोलीतून लग्नाचा फोटो घेऊन आला. फोटोग्राफर तोच, तेव्हा चिपळूणपासून मालवणापर्यंत लग्न म्हटलं की तोच एक माणूस काळं फडकं डोक्यावर घेऊन उभा असायचा. पुणेकराने तिथेही पट्टी लावली. मालवणीही बायकोपेक्षा बरोबर चार बोटं उंच.

"आमच्याकडचे पुरुष असेच," मी छाती काढून म्हणालो.

"ह्या मात्र खरा," मालवणी म्हणाला. आणि त्याच दमात, "माझी बायल बाकी तशी दांडगी. शिडी न लावता नारळ काढता."

मालवणी स्वतः माझ्या खांद्याला लागायचा. तिघे कमावते, धडधाकट पुरुष तिथे उभे होतो, एक तर इंजिनीअर. पण त्या वाक्यावर एकाच्याही डोक्यात काही वाजलं नाही. आम्ही तिघांनी माना डोलावल्या आणि मी कापायचं यंत्र हातात घेतलं.

छत कापणं म्हणजे टोपी काढणं नव्हे. सगळे खांब एका रेषेत कापले, हाजी धरून चौघांनी मिळून छत उचललं आणि दोन खाटांवर ठेवलं. त्या काळात खाली गाडीत कोंबड्या आणि वर नुसतं आकाश. खांबांचे चार-चार बोटांचे तुकडे काढले. पण खांब वरच्या बाजूला आत कललेले असतात, त्यामुळे छत खाली आलं की ते तोकडं पडतं, टोकं जुळत नाहीत. मग छत मधोमध चिरायचं आणि मुंड्याला पट्टी घालून सदरा वाढवतात तशी लोखंडाची पट्टी घालायची. पट्टी हाजींच्या जुन्या पाण्याच्या टाकीची. मी ती अशी जोडली की हात फिरवला तर सांधा लागायचा नाही. माशी त्यावर बसली तर घसरायची. हे मी पाहिलेलं आहे.

इंजिन भंगारवाल्याकडून आणलं, एका मोठ्या अमेरिकन टॅक्सीचं, आठ सिलिंडरचं. टॅक्सी मागून चेपली होती, पुढे धक्का नव्हता. खजुराच्या झाडाला साखळी बांधून ते चढवलं आणि गाडीत उतरवलं. झाड त्या दिवसापासून थोडं वाकलं ते वाकलंच. इंजिन एवढं रुंद की बॉनेटच्या बाजूचे पत्रे बसेनात. मी घाबरलो, पण मासिकात पाहिलं तर त्यांच्याही गाड्यांना ते पत्रे नव्हते. म्हणजे आम्ही न कळत रीत पाळली होती. नव्या काचा मापाने कापून बसवल्या, वर तांबडा गंजरोधक रंग दिला, जहाजाला देतात तो. गेरूने सारवलेल्या तुळशीवृंदावनासारखी गाडी दिसायला लागली.

मग ते कोंबडे-आरवणारं पहिलं सुरू करणं झालं. धूर खाली बसला तेव्हा तांबडी कोंबडी सीटवरच होती, फक्त तिची पिसं सगळी एका दिशेला झाली होती.

ट्रॅफिकच्या तपासणीला हाजी स्वतः आले, कारण गाडी अजून त्यांच्या नावावर. तपासणारा तरुण अधिकारी गाडीभोवती फिरला, छताकडे बघून थांबला, मग हाजींना काही विचारलं. हाजींनी अरबीत जे उत्तर दिलं त्याचा मालवण्याने मला सांगितलेला अर्थ असा: ही गाडी तुझ्या जन्माआधीपासून या रस्त्यावर आहे, तू कुठे होतास ते सांग. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

आणि मग मे महिन्यात ती आली.

विमानतळावर आम्ही सगळा लवाजमा घेऊन गेलो. मी कूपेत, मालवणी आणि पुणेकर सामानासाठी व्हॅनमधून मागे. मी केसाला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. माणसं बाहेर येत होती. आणि त्यांच्यात ती. एका हातात बॅग, बगलेत काथ्याने बांधलेला फणसाच्या लाकडाचा पाट. आणि मान ताठ. इथे तिच्या भोवती वडीलधारं कुणीच नव्हतं ना. माझ्या पुढ्यात ती पहिल्यांदाच मान वर करून चालत येत होती, आणि जसजशी जवळ आली तसतशी वर वर जात राहिली. मी नजर तिच्या डोळ्यांवर ठेवली होती. ती जवळ येऊन थांबली तेव्हा माझी हनुवटी वर होती.

मागे मालवणी हळूच म्हणाला, "मेल्या, तू खड्ड्यात उभो रवलंस काय रे?"

मी पायाखाली पाहिलं. खड्डा नव्हता.

पुणेकर पुटपुटला, "गणित बरोबर होतं हो. मी पुन्हा करून बघू का?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "हा पाट कशाला आणलास एवढ्या लांब?"

"इथे जेवायला खाली बसायचं तर पाट नको?" ती म्हणाली. "आमच्या घरचा आहे. ओळखला नाहीत? लग्नात फोटोवाल्याने तुमच्या पायाखाली दोन घातले होते, त्यातला एक."

"माझ्या पायाखाली?"

"तो सगळ्याच नवऱ्यांना घालतो, लागतील तेवढे. शालूचा घोळ पसरायला लावतो ना, तो काय उगाच?"

पाटावर उभा राहिल्याचं मला खरोखरच आठवत नव्हतं. लग्नात माणूस सारखाच कुठल्या ना कुठल्या पाटावर उभा असतो, कुठला लक्षात ठेवणार? हे मी आजही शपथेवर सांगतो, आणि ती आजही ते ऐकून घेते.

मालवणी मात्र मान वर करून बघत राहिला होता. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नारळ होता.

मी कूपेचं दार उघडलं. तिने गाडी पाहिली. पुढून पाहिली, बाजूने पाहिली, छताच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "हे तुम्ही केलंत?"

"मी केलं."

तिला आवडली होती. ते मी तिच्या बोटावरून ओळखलं. मग ती आत बसली आणि छत तिच्या कपाळाला आलं. तिने अंबाडा सोडून वेणी पुढे घेतली, तरी मावेना. शेवटी तिने मान उजव्या खांद्यावर कलती केली, भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तशी. तशाच मानेने ती मुहर्रकचा पूल ओलांडून आली, तशाच मानेने तिने मनामा पाहिलं, तशाच मानेने ती वाळूच्या रस्त्याने मआमीरला पोचली. सबंध बहारीन तिने पहिल्यांदा तिरकं पाहिलं. रस्त्याने मी एकेक गोष्ट दाखवत होतो, हा बाजार, ही मशीद, आणि ती "हं" म्हणत होती. माझा आवाज गाडीच्या आवाजाहून मोठा होता, पण विमानतळावर पायाखाली न सापडलेला तो खड्डा आता माझ्या सीटखाली होता.

अंगणात उतरली. मान चोळली. खोली बघितली, पडदे बघितले, स्टोव्ह पेटवून बघितला.

"खोली छान आहे," ती म्हणाली. "गाडी तुमच्या मापाची आहे."

परतीचं तिकीट तिने कॅलेंडरमागे खिळ्याला अडकवून ठेवलं. उगाच नाही, हरवू नये म्हणून. पण मला ते उठता-बसता दिसायचं.

मग दिवस असे गेले की बाजारात जायचं असलं की ती मालवण्याच्या व्हॅनमधून जायची, किंवा हाजींच्या बायकोबरोबर पायी. दोघींची एक भाषा नव्हती, पण दोघी तास-तास बोलायच्या. गोदीत मी कूपे घेऊन जायचो. शेजारची सीट रिकामी. म्हणजे रिकामी तरी कुठे, तांबडी कोंबडी असायची कधी कधी. तिची मान ताठ मावायची. मला त्या कोंबडीचा राग यायला लागला, आता बोला.

मालवण्याने मला समजावलं. "तू कशाक जीवाक लावन घेतंस? व्हॅनीत बसता नाय ती? पोचली म्हणजे झाला."

"तिने जागा विचारली होती," मी म्हणालो. "आणि मी तिच्या डोक्यावर छत आणून ठेवलं."

"तसा म्हटला तर चांगला वाटता," मालवणी म्हणाला. "डोक्यार छत."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कालवण ढवळायला निघून गेला.

मे संपत आला. एका शुक्रवारी सकाळी मी ठरवलं. यंत्र जोडलं, गॉगल लावला, खांबांवर खडूच्या रेघा मारल्या. छत पुन्हा कापायचं, वर चढवायचं. ते केलं की मासिकातली गाडी संपणार, माशी घसरणारा सांधा संपणार, हे मला माहीत होतं. पुणेकर बाजूला उभा राहून अंत्ययात्रेला आल्यासारखा चष्मा पुसत होता.

आवाज ऐकून ती बाहेर आली. हाताला पीठ.

"काय करताय?"

"छत वर घेतोय. चार बोटं काढली होती, सहा घालतो."

"मग ती त्या मासिकातल्यासारखी राहील?"

"नाही. टॅक्सीसारखी दिसेल."

"आणि तरी कापताय?"

"तुला मान वाकवावी लागते," मी म्हणालो. गॉगलमुळे तिचा चेहरा मला हिरवा दिसत होता, त्यावरून काही कळेना.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खांबांवरच्या रेघांकडे. पिठाच्याच हाताने तिने एक रेघ पुसून टाकली. मग दुसरी.

"ते यंत्र खाली ठेवा आधी. तुम्ही सगळे सारखे वर काय बघताय? आमच्या शाळेत एक वर्ग ठेंगणा आहे, उभं राहिलं की वासा लागतो. म्हणून कुणी कौलं उतरवली नाहीत. पोरं जमिनीवर बसतात."

पुणेकराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "अहो," तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे."

"पाना आणा," ती म्हणाली.

तिच्या बाजूची सीट सोडवली. सीट उचलली तर खाली पाच-सहा अंडी, ऊबदार. तिने ती पदरात घेतली आणि हाक मारून हाजींच्या बायकोकडे दिली, करार करारच. मग खोलीत गेली, तो फणसाचा पाट घेऊन आली, गाडीच्या तळावर ठेवला, वर एक घडी घातलेली गोधडी, आणि पाय पुढे लांब करून आत बसली. पाठ सरळ. मान सरळ. तिने अंबाडा घातला आणि वर हात नेऊन पाहिला. अंबाडा आणि छत यांच्यात तिचा तळहात आडवा मावत होता.

"तुम्हाला उंच व्हायला पाट लागला," ती म्हणाली, "मला बुटकं व्हायला लागतोय. पाटाला काय, दोन्ही येतं. चला, यल्ला."

यल्ला ती हाजींच्या बायकोकडून शिकली होती.

मी माझ्या स्प्रिंगांच्या सीटवर चढून बसलो. मालवणी आणि पुणेकर गाडीच्या पुढे उभे होते. मालवण्याने आमच्याकडे काचेतून पाहिलं आणि धावत आपल्या खोलीत गेला. परत आला तो माझ्या लग्नाचा फोटो घेऊन, जो त्या त्रैराशिकापासून त्याच्याकडेच राहिला होता. त्याने तो काचेशेजारी धरला. फोटोत मी चार बोटं वर, ती खाली. काचेतही मी चार बोटं वर, ती खाली.

"ह्या बघ," मालवणी म्हणाला. "आता खरा झाला."

आम्ही गाव ओलांडून समुद्राच्या बाजूने निघालो. ती सरळ बघत होती. मधेच म्हणाली, "ती मशीद अशी आहे होय. मला वाटलं होतं उतारावर आहे."

बहारीनमध्ये उतार नाहीच कुठे. पण मी मान डोलावली.

जून लागला. कॅलेंडरचं पान मीच उलटलं. तिकीट मागेच होतं. मग एक दिवस ती म्हणाली, "मालवणीभावोजी सुट्टीवर जाताहेत ना? त्यांना म्हणावं येताना आमच्या घरून एक वस्तू आणा."

"कुठली?"

"दुसरा पाट."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. शाळा उघडून आठवडा झाला होता.

दुसरा पाट मालवण्याने आणला. त्याने तो विमानात मांडीवर धरून आणला, आणि वर सांगितलं की घरी जाऊन त्याने पहिल्यांदा बायकोला आपल्याशेजारी भिंतीला उभं केलं, आणि आता त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. तो पाट माझ्या बाजूला बसवायचा ठरला. कारण इतक्या महिन्यांत त्या छताने माझ्या टाळूवरचे केस घासून घासून नेले होते. आज माझं जे टक्कल आहे ते वयाने पडलेलं नाही, ते पोस्टकार्डाएवढ्या फटीने पाडलेलं आहे.

माझी सीट काढली, पाट बसवला. दोघंही पाटावर, पंगतीला बसल्यासारखी. आणि तेव्हा खरं त्रैराशिक समोर आलं. ती दोन बोटं वर, मी दोन बोटं खाली. त्या खालच्या जागेवरून मला स्टिअरिंगच्या वर्तुळातून फक्त बॉनेट दिसायचं, आणि बॉनेटच्या वर आकाश. पहिल्याच फेरीला गावातली पोरं गाडीमागे धावली, की बघा, बिनमाणसाची गाडी चाललीय. हाजींनी भिंतीवरून पाहिलं आणि नाही-नाही करत दोन्ही हात हलवले. "ड्रायव्हर मफी," ते म्हणाले. "मफी ड्रायव्हर."

मी अंगणात आणून गाडी थांबवली. ती उतरली, वळसा घालून माझ्या दारापाशी आली आणि उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली. "मला रस्ता दिसतो."

मी सरकलो.